वैलावरची माणसं

समुद्राच्या पोटातल्या त्या भोकांना आमच्या ऑफिसात चुली म्हणतात. हे नाव माझं. माझ्या आधी त्यांना नुसते क्रमांक होते आणि मीटिंगमध्ये कुणीतरी हमखास चारच्या ऐवजी पाचाबद्दल तासभर बोलायचं. एक दिवस वैतागून मी फळ्यावर लिहिलं: थोरली चूल, तिरकी चूल, कुबडी चूल. सगळे हसले आणि नावं चिकटली. मी ऋजुता कोचरेकर. नावाचा अर्थ सरळपणा, स्वभाव मात्र फटकळ, हे माझा नवरा कोणालाही सांगेल.

चुली कशा झाल्या ते आधी सांगते, फार वेळ घेणार नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा उसळत होता हे शाळेत शिकवतात. पण त्यातला काही लाव्हा वर आलाच नाही. तो खालीच, समुद्रतळाच्या गाळाच्या थरांमध्ये आडवा घुसला, पोळीच्या पदरांत तूप शिरतं तसा. त्या गाळात मेलेल्या जीवांचा काळा चिखल होता. तो भाजला गेला, त्यातून मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड सुटला, पाणी उकळलं, आणि हे सगळं एकदम वरचा गाळ फोडून समुद्रात बाहेर पडलं. जिथून पडलं तिथे उभी नळकांडी उरली. पुढच्या गाळाने ती बुजवली आणि त्यांचा कोणाला पत्ता राहिला नाही.

पत्ता लागला तो आवाजामुळे. जहाजामागे हवेच्या बंदुका ओढायच्या, पाण्यात बार काढायचे, आणि तळाखालच्या एकेका थरावरून परत येणारा प्रतिध्वनी ऐकून त्याचं चित्र काढायचं. पोटातल्या बाळाची सोनोग्राफी करतात तीच ही युक्ती. ही चित्रं वाचणं हा माझा वीस वर्षांचा धंदा.

आता एवढं वाचायची गरज का पडली? तर दोन हजार एकेचाळीस सालापासून वीजकेंद्रांचा कार्बन डायऑक्साइड पकडून तो समुद्राखालच्या वाळूच्या थरात पुरायचा असं ठरलं. मालवणच्या पश्चिमेला तसा एक उत्तम थर सापडला. शेजारी चुली होत्या, पण त्यांची तोंडं दगडासारखी घट्ट बुजलेली होती. थोरलीवर तर इतकी यंत्रं बसवली होती की तिने उसासा टाकला असता तरी रत्नागिरीच्या ऑफिसात कळलं असतं.

तिथेच, थोरलीपासून थोड्या अंतरावर, तळावर एक लहानसा कडक उंचवटा होता. त्याच्याखाली लाव्ह्याचा थर नव्हता. थर नाही म्हणजे आग नाही, आग नाही म्हणजे ही चूलच नव्हे, असं ठरवून जागा निवडणाऱ्यांनी ती नकाशातून खोडली. वर तिथेच लोकांना राहायला घर बांधलं. का, तर आजूबाजूला सगळा पायाखाली पळणारा चिखल, आणि ही एकच जागा पाय रोवण्याजोगी.

त्या घराला तळघर म्हणायचे. नव्वद मीटर पाण्याखाली, पाच पाणबुड्या माणसांचं घर. वायू पुरायच्या विहिरीच्या तोंडाशी कायम काहीतरी दुरुस्ती लागे, आणि माणसाला रोज वरखाली करणं परवडत नाही. एवढ्या खोल गेलेल्या माणसाच्या रक्तात वायू विरघळतो. त्याला तडक वर आणलं तर तो सोड्याच्या बाटलीसारखा फसफसून मरेल. म्हणून तो खालीच महिनाभर राहतो, खालच्याच दाबात जेवतो-झोपतो, आणि वर येताना तळघराच्या डोक्यावर उभ्या असलेल्या जहाजावरच्या बंद पोलादी खोलीत आठवडाभर हळूहळू दाब उतरवून घेतो. तळघराच्या जमिनीला एक उघडं भोक असतं, त्यातूनच बाहेर पडायचं. पेला उलटा करून बादलीत दाबला की आत पाणी शिरत नाही, तसं आतल्या दाबामुळे त्या भोकातून पाणी वर येत नाही.

त्या पाचांचा मुकादम होता माझा धाकटा भाऊ, सारंग.

तिथली हवा म्हणजे बहुतेक हेलियम, थोडा ऑक्सिजन. हेलियम हलका, म्हणून माणसाचा आवाज चिमणीसारखा चिरका होतो. तो सरळ करून ऐकवणारं एक यंत्र जहाजावर होतं. त्यातून आलेला सारंगचा आवाज अगदी त्याचाच वाटायचा. आम्ही भावंडं आपसात मालवणीच बोलतो. ती सगळी इथे उतरवली तर रत्नागिरीच्या पलीकडचे वाचक पुस्तक मिटतील, म्हणून थोडीच ठेवते.

जहाजावर मी होते आणि माझा नवरा अमोघ रेडकर होता. वायू खाली कोंबणारा पंप त्याच्या हाताखाली. नवरा-बायकोने एका जहाजावर काम करू नये असं माझी आई म्हणायची. भांडण झालं तर जाणार कुठे, हा तिचा मुद्दा होता आणि तो बरोबर होता.

पंप सुरू होऊन तिसरा दिवस. जेवणाआधीची वेळ. मी रोजच्यासारखं आजच्या चित्रातून कालचं वजा केलं. काही बदललं नसेल तर पडदा कोरा राहतो. बदललं असेल तर तेवढंच उजळतं. थोरलीच्या नळकांड्यात उजेड होता. वाळूतला दाब तिच्यापर्यंत पोचणार हे आम्ही धरलंच होतं, आणि तिचं तोंड घट्ट होतं. पण तळघराखाली, त्या खोडून टाकलेल्या उंचवट्याखाली, बोटाच्या नखाएवढा एक डाग होता. काल तो नव्हता. थोरली आणि तो डाग यांच्या मध्ये पडदा कोरा.

मी तो डाग पाहत बसले.

हल्लीच्या वाचकांनी चूल पाहिलेली असते ती हायवेवरच्या खानावळीच्या पाटीवर. चुलीवरचं मटण, एवढीच तिची ओळख. पण खऱ्या मातीच्या चुलीला शेजारी एक दुसरं, बुटकं तोंड असतं. त्याला वैल म्हणतात. वैलात लाकूड घालत नाहीत, तिथे आग पेटवत नाहीत. चुलीच्या भिंतीला आतून एक भोक असतं, त्यातून धग वैलात येते, आणि वर ठेवलेलं आमटीचं भांडं गरम राहतं. नवखा माणूस वैलाखाली वाकून बघेल आणि म्हणेल, इथे तर आगच नाही. मग भांड्याला हात लावेल आणि बोंबलेल.

मी उठले आणि अमोघच्या खोलीत गेले.

"पंप बंद कर," मी म्हटलं. "तळघर वैलावर बसलंय."

त्याने माझ्या हातातला टॅब घेतला, पाहिला, पुन्हा पाहिला. घाईघाईत कशालाच नाही म्हणायचं नाही, हा त्याचा गुण.

"मध्ये काही दिसत नाही," तो म्हणाला. "थोरलीतून इकडे दाब आला तर वाट दिसायला हवी."

"आपल्या चित्रात दहा मीटरपेक्षा बारीक काही दिसत नाही. त्या वाटेने बैलगाडी गेली तरी मला दिसणार नाही."

"म्हणजे वाट आहे याला पुरावा नाही."

"भांडं गरम आहे, हा पुरावा."

"नखाएवढा डाग, ऋजु. असले नॉईजचे डाग तू स्वतः आठवड्याला दहा पुसतेस." मग तो हळू आवाजात म्हणाला, "खरं सांग. सारंग खाली नसता तर या डागावर तू एवढी भांडायला आली असतीस?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "आणि तुझा भाऊ असता तर तू पंप चालू ठेवला असतास?"

"सारंग माझाही कोणीतरी लागतो," अमोघ म्हणाला. "तळघरातला मिथेनचा सेन्सर बघ. शून्य. शून्यावर मी पंप थांबवला तर किनाऱ्यावरचे मला उद्या घरी बसवतील, आणि परवा दुसरा कोणीतरी या खुर्चीत बसून तोच पंप चालू करेल. मला काहीतरी दाखव. डाग नको, काहीतरी धड दाखव."

त्याच्यावर चिडायला मला आवडलं असतं, पण तो चुकीचं बोलत नव्हता. मी त्याच्याच टेबलावरून तळघराला फोन लावला, स्पीकरवर.

"काय गो ताय, जेवलंस?" सारंग.

"नाही अजून. तू काय करतोस?"

"ओल्या खोलीत बसलोय. सूट धुतोय." ओली खोली म्हणजे जमिनीतल्या भोकाची खोली, तिथून पाण्यात उतरतात.

त्याचा आवाज जड येत होता. नाक चोंदल्यासारखा, भरलेला, चाळिशीतल्या माणसाचा.

"सर्दी झालीय तुला?"

"सर्दी खयसून येतली? हय वारोच नाय." तो हसला. ते हसणंही जाड होतं. "जरा डोकं जड आहे, एवढंच. सगळ्यांचंच आहे. कालच्या कोळंबीवर संशय आहे आमचा."

मी अमोघकडे पाहिलं. "ऐकलंस? आवाज जड आहे त्याचा."

"मला नेहमीसारखाच वाटतो," अमोघ म्हणाला, आणि तो खोटं बोलत नव्हता. त्याने सारंगला ऐकलंय बारा वर्षं. मी त्याला पहिल्यांदा रडताना ऐकलंय.

मग माझी ट्यूब पेटली. आवाज सरळ करणारं यंत्र हेलियमसाठी बसवलेलं. चिरक्या आवाजाला ते ठरलेल्या मापाने खाली ओढतं. पण सारंग ज्या हवेत बोलत होता ती हेलियमपेक्षा जड झाली असेल, तर त्याचा आवाज मुळातच कमी चिरका निघणार, आणि यंत्र त्याला गरजेपेक्षा जास्त खाली ओढणार. त्याला सर्दी नव्हती. त्या खोलीत दुसरा कुठला तरी वायू होता.

"सारंग, मिथेनचा सेन्सर कुठे आहे?"

"डोक्यावर. छताला. का गो?"

अर्थात छताला. मिथेन हलका, तो वर जातो, म्हणून सेन्सर वर लावायचा. प्रत्येक खाणीत असाच लावतात, प्रत्येक पुस्तकात असंच लिहिलेलं असतं. पण ते हवेतलं झालं. तळघरात हवा नव्हती, हेलियम होता, आणि हेलियमपेक्षा मिथेन चौपट जड. तो भोकातून बुडबुड्यांनी वर येऊन जमिनीलगत साचणार आणि छतावरचा सेन्सर शून्य दाखवत बसणार. असली चूक अडाणी माणूस करत नाही. त्याला आधी पुस्तक वाचलेलं असावं लागतं.

"तो काढ," मी म्हटलं. "आणि हळूहळू खाली आण. जमिनीकडे."

"ताय, तो काढला की वर तुमच्याकडे घंटा वाजेल."

"वाजू दे. काढ म्हणते ना."

स्क्रू काढल्याचे आवाज आले. जहाजावर बिघाडाची घंटा वाजली, अमोघने हात लांब करून ती बंद केली. मग फोनवर एक चिवचिवाट सुरू झाला, आणि वाढत जाऊन सलग शिट्टी झाली.

"सेन्सर आत्ता कुठे गुडघ्यापर्यंत आला," सारंग म्हणाला. चेष्टा संपली होती. "अजून जमिनीला टेकवलाही नाही."

अमोघने पंप बंद केला. कोणाला विचारलं नाही, किनाऱ्याला फोन केला नाही. लाल दांडा खाली ओढला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मास्क लावायला सांग सगळ्यांना."

पंप बंद झाला म्हणून काही लगेच संपत नाही. चुलीतली लाकडं ओढली तरी वैल तेवढ्यात गार होत नाही. तीन दिवस कोंबलेला दाब त्या बारीक वाटेने वैलाकडे सरकत होता. साडेसहा कोटी वर्षं तिथे अडकून पडलेला मिथेन त्याच्यापुढे ढकलला जात होता, आणि त्याच्या वर होतं एक पातळ कडक कवच आणि माझ्या भावाचं घर. अमोघने विहिरीची झडप उलटी उघडून दाब मोकळा करायला सुरुवात केली. मी चित्रं काढत राहिले. डाग नखाएवढा होता तो आता अंगठ्याएवढा झाला होता.

पाणबुड्यांना वर आणायला एक पोलादी गोळा असतो, त्याला पाळणा म्हणतात. त्यात तीन माणसं मावतात. आत दाब खालचाच ठेवायचा, वर आणायचा, जहाजावरच्या बंद खोलीला जोडायचा, माणसं आत सरकवायची आणि गोळा परत खाली सोडायचा. पहिल्या खेपेला तिघे आले. मुकादम शेवटी येतो हा त्यांचा नियम, म्हणजे सारंग खाली राहिला. त्याच्याबरोबर राहिला वेंगुर्ल्याचा शमशुद्दीन मुजावर, मागच्या वर्षी बाप झालेला.

पाळणा दुसऱ्यांदा सोडायचा तेवढ्यात कॅप्टन तुस्कानो खाली आमच्या खोलीत आले. वसईचे, साठीला टेकलेले, कधी आवाज न चढवणारे. त्यांनी मला खिडकीशी बोलावलं. जहाजाच्या डाव्या अंगाला पाण्यावर फेस आला होता. भाताला उकळी फुटताना कडेला येतो तेवढाच.

"मॅडम, माझ्याकडे अठ्ठावन्न माणसं आहेत," ते म्हणाले. "हे कवच फुटलं तर खालून नुसता वायू येणार. फेसाच्या पाण्यात जहाज तरंगत नाही, दगडासारखं जातं. आणि इंजिनाने तो वायू ओढला तर बुडायची वाट बघायला नको. पाळणा उतरवायचा तर मला वैलाच्या डोक्यावर उभं राहावं लागेल. खाली उतरून, दोघांना घेऊन, वर येऊन जोडायला अर्धा तास. म्हणून तुम्हाला विचारतो. ते कवच किती वेळ टिकेल?"

सकाळी भाऊ खाली आहे म्हणून माझ्यावर कोणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं. आता त्या खोलीतले सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. सकाळी मी खरं बोलत होते.

खरं उत्तर मला ठाऊक होतं. मला माहीत नाही, हे ते उत्तर. कवच किती जाड, कुठे तडकलेलं, वाट किती रुंद, यातलं काही चित्रात दिसत नव्हतं. पाच मिनिटं टिकेल, पाच दिवसही टिकेल. हे मी बोलले असते तर तुस्कानोंनी जहाज हलवलं असतं. हलवायलाच हवं होतं. त्यांच्या जागी मीही हलवलं असतं.

"चाळीस मिनिटं," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

तुस्कानोंनी मान डोलावली आणि वर गेले. अमोघ माझ्याकडे बघत होता. आमच्या धंद्यात आकडा कधी एकटा येत नाही. चाळीस, पण पंधरा असेल, पण नव्वदही असेल, असं लटांबर घेऊन येतो. लग्नानंतर बारा वर्षांत मी त्याला चहा किती वेळात होईल तेसुद्धा नक्की सांगितलेलं नाही. त्याला कळलं. त्याने तोंड उघडलं, परत मिटलं, आणि पाळणा सोडायचा हुकूम दिला.

पुढच्या वेळाबद्दल फार लिहिता येत नाही. मी कठड्याला धरून उभी होते. फेसाचा वाटोळा पट्टा रुंद होत होता, त्याला कुजक्या अंड्यांचा वास होता. इंजिनांचा आवाज मधेच अडखळे, तेव्हा डेकवरची माणसं बोलायची थांबत. स्वयंपाकी वर येऊन कपाळाला हात लावून उभा होता. त्याचं नाव मला माहीत नव्हतं. त्याला बायका-मुलं किती, हेही माहीत नव्हतं. मला फक्त एक पोलादी गोळा दिसायला हवा होता, बाकी काही नको होतं, कोणी नको होतं. तो दिसला. जोडला गेला. दोघे आत सरकले असा आवाज आला आणि तुस्कानोंनी जहाज काढलं.

आम्ही जेमतेम बाहेर पडलो असू. मागे समुद्र वर आला. लाट नव्हे, पाणीच फुगून घुमटासारखं उभं राहिलं, पांढरंशुभ्र, आणि फुटलं. तळघराचं नंतर काही सापडलं नाही. मी 'चाळीस' म्हटल्यापासून ते फुटेपर्यंत, जहाजाच्या नोंदीत, अडतीस मिनिटं झाली होती.

डेकवर लोकांनी मला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. तुस्कानोंनी माझे दोन्ही हात हातात घेतले. अमोघ लांब उभा होता. त्या रात्री तो एवढंच म्हणाला, "यापुढे यावर बोलायचं नाही." आम्ही बोललो नाही. मग हळूहळू इतर गोष्टींवरही बोलेनासे झालो.

चौकशी समिती बसली. सेन्सरची चूक त्यांनी मान्य केली, वैलांचा नवा नकाशा करायला सांगितला. आणि माझ्या चाळीस मिनिटांवर त्यांचा जीव जडला. त्या दिवशीचे डाग, दाब, वेळा, सगळं त्यांनी एका गणिती मॉडेलला खाऊ घातलं. मॉडेलला उत्तर आधीच माहीत होतं, त्यामुळे ते जमलं. कोणी मला विचारलं नाही की हा आकडा कमी-जास्त किती. सुरक्षेच्या नव्या नियमावलीत एक कलम आलं: पाण्यावर पहिला फेस दिसल्यापासून तळ सोडायला चाळीस मिनिटांचा अवधी धरावा. त्याला नाव दिलं कोचरेकर अवधी. आई पेढे घेऊन आली.

वर्ष झालं. परवा रविवारी सारंग आमच्या रत्नागिरीच्या घरी जेवायला आला. अमोघ हल्ली बहुतेक जहाजावर असतो, त्यामुळे आम्ही दोघंच. मी सौंदाळे मासे तळले होते. सारंग खुशीत होता, जयगडसमोरच्या नव्या तळघराचा तो मुकादम होणार होता. पुढच्या सोमवारी उतरायचं.

"यावेळी दहा माणसं," काटे बाजूला काढत तो म्हणाला. "पाळणा मोठा दिलाय, आणि दुप्पट वेगाचा. पाच-पाचच्या दोन खेपा, तेहतीस मिनिटांत काम खलास. एक जादा पाळणा मागायचा विचार होता, पण हिशेबात बसतंय मग कशाला? चाळीस आहेतच आपल्याकडे."

"चाळीस नाहीत," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"तो आकडा मी बनवला. मला काहीच माहीत नव्हतं. तुस्कानोंनी विचारलं, आणि जहाज तिथून हलू नये म्हणून मी तोंडाला आलं ते बोलले. अडतीस मिनिटांनी फुटलं ते नशीब. पाच मिनिटांतही फुटलं असतं."

तो जेवायचा थांबला. मला वाटलं, तो चिडेल ते पुढच्या दहा माणसांसाठी. पण तो मागचं मोजत होता.

"जहाजावर अठ्ठावन्न होते," तो म्हणाला.

"हो."

"त्यांना माहीत होतं?"

"नाही."

"आणि वर आणलेले माझे तिघे, त्या बंद खोलीत. त्यांना तर उडी मारायलाही जागा नव्हती." त्याने ताट पुढे सारलं. "माका इचारलंस तरी आसतंस, ताय. फोन चालू होता."

"तू नको म्हटलं असतंस."

"म्हटलंच असतं."

"म्हणानच नाय इचारलंय," मी म्हटलं. "आणि परत तशी वेळ आली तर परत नाही विचारणार. मला त्याची लाज वाटते आणि तरीही नाही विचारणार. पण तो आकडा घेऊन तुला खाली जाऊ देणार नाही. कोणालाच नाही."

भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा टीव्ही चालू होता.

"भावोजींना ठाऊक आहे?"

"त्याला तेव्हाच कळलं होतं."

"म्हणजे तेही नोकरीतून जाणार. जहाज तिथे ठेवलं म्हणून तुस्कानोही." त्याने तोंडावरून हात फिरवला. "तुस्कानो पुढच्या महिन्यात रिटायर होतायत गो."

"माहितीये."

मी हात धुतले आणि फोन घेतला. समितीच्या अध्यक्षांचा नंबर माझ्याकडे होता, दिवाळीला त्यांचा शुभेच्छांचा निरोप आला होता. त्याआधी मी अमोघला लावला, कारण त्याने हे दुसऱ्या कोणाकडून ऐकू नये. त्याने पहिल्याच रिंगला उचलला.

"मी सांगतेय त्यांना," मी म्हटलं.

तिकडे इंजिनांची घरघर ऐकू येत होती. मग तो म्हणाला, "मी बोलू शकलो असतो त्या दिवशी. नाही बोललो. तेही सांग."

"सांगते."

"जेवलीस?" त्याने विचारलं. वर्षभरात पहिल्यांदा.

"अर्धं," मी म्हटलं, आणि फोन ठेवून अध्यक्षांचा नंबर लावला. सारंग उठून गेला नव्हता. त्याने आपली खुर्ची माझ्या शेजारी ओढली. माझ्याकडे न बघताच तो तिथे बसून राहिला.